प्रत्येकाला वेगळा ई-मेल पत्ता दिला, तर माहिती कोणी फोडली ते कळतं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात फ्लॅट बघताना तीन-चार बिल्डरांच्या साइट ऑफिसमध्ये नाव, मोबाइल, ई-मेल लिहून दिलात. त्याच सुमारास आरोग्यविम्याची ऑनलाइन चौकशी केलीत आणि मुलीसाठी एका क्लासचा फॉर्म भरलात. त्यानंतर गृहकर्ज, मॉड्युलर किचन, शेअरच्या टिप्स अशा मेलची रीघ लागली. एका कंपनीला जाब विचारलात, तर त्यांनी कळवलं की ते कोणाची माहिती कोणाला देत नाहीत, तुमचाच कॉम्प्युटर हॅक झाला असेल. आता जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द जोडून (मेल तरीही आपल्याच खात्यात येतो) प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा का, त्यातून चोर सापडेल का, सापडला तर पुढे काय करता येईल, आणि आधीच्या सगळ्या खात्यांचे पत्तेही बदलावेत का, हे तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं छोट्या-मध्यम कचेऱ्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो आणि स्वतःसाठीही हीच पद्धत वापरतो. ती चालते. पण वेगळे पत्ते बनवणं हा यातला सोपा भाग आहे. अवघड भाग पुढचा: अशा एखाद्या पत्त्यावर परका मेल आला, तर त्यावरून नेमकं काय सिद्ध होतं? ते आधी ठरवलं नाही, तर कंपनीने तुम्हाला दिलं तसलं उत्तर पुन्हा मिळेल आणि तेव्हाही तुमच्याकडे बोलायला काही नसेल. म्हणून मी पुराव्यापासून सुरुवात करतो.

समजा, तुम्ही एका विमा कंपनीला असा पत्ता दिलात जो जगात दुसऱ्या कोणालाच दिलेला नाही. काही महिन्यांनी त्या पत्त्यावर भलत्याच कंपनीचा मेल आला. यातून एवढंच ठरतं की पत्ता त्या विमा कंपनीच्या वाटेने बाहेर गेला. तो कोणी आणि कसा नेला, हे ठरत नाही. कंपनीने तो पैसे घेऊन विकला असेल. तुम्ही टिक केलेल्या अटींमध्ये ‘समूहातील कंपन्या व सहयोगी’ असे शब्द असतील आणि त्यांनी तो उघडपणे दिला असेल. कंपनीतला एखादा सेल्सवाला नोकरी सोडताना लीडची, म्हणजे संभाव्य ग्राहकांची, एक्सेल शीट सोबत घेऊन गेला असेल. बांधकाम आणि विमा या दोन्ही धंद्यांत हे सर्रास होतं, आणि मालकालाही त्याची खबर नसते. किंवा कंपनीवर खरंच दरोडा पडला असेल.

शिवाय कंपनीने ज्याला काम दिलं त्याच्याकडूनही माहिती फुटते. २०११ च्या मार्च-एप्रिलमध्ये एप्सिलॉन या अमेरिकन कंपनीतून चोरी झाली. ही कंपनी मोठमोठ्या बँका आणि दुकानांच्या वतीने ग्राहकांना मेल पाठवायची. त्यामुळे जेपी मॉर्गन चेस, बेस्ट बाय अशा डझनावारी कंपन्यांच्या ग्राहकांची नावं आणि ई-मेल पत्ते एकाच ठिकाणाहून गेले. आपल्याकडचं उदाहरण एअर इंडियाचं. मे २०२१ मध्ये त्यांनी प्रवाशांना कळवलं की सुमारे ४५ लाख लोकांची माहिती फुटली आहे. ती फुटली होती सीता या कंपनीकडून, जी त्यांची प्रवासी सेवा यंत्रणा चालवत होती. प्रवाशाने मात्र आपला पत्ता एअर इंडियालाच दिला होता. म्हणून ‘तुम्ही माझी माहिती विकलीत’ असं पहिल्याच पत्रात लिहू नका. ‘फक्त तुम्हाला दिलेला पत्ता दुसऱ्याच्या हाती गेला आहे’ हे विधान तुम्ही शेवटपर्यंत टिकवू शकता, पहिलं टिकवणं कठीण आहे.

एवढा सावधपणा बाळगूनही या पद्धतीने मोठ्या चोऱ्या उघडकीला आल्या आहेत, त्याही कंपनीने कबूल करायच्या आधी. टीडी अमेरिट्रेड या अमेरिकन ब्रोकरच्या काही ग्राहकांनी फक्त त्या ब्रोकरसाठी वेगळे पत्ते बनवले होते आणि त्यावर भंगार शेअर खपवणारे मेल येऊ लागले. ते तक्रार करत राहिले. अखेर सप्टेंबर २००७ मध्ये कंपनीने जाहीर केलं की तिच्या यंत्रणेत परका प्रोग्रॅम सापडला असून साठ लाखांहून जास्त ग्राहकांची संपर्क-माहिती बाहेर गेली आहे.

दुसरं प्रकरण ड्रॉपबॉक्सचं. जुलै २०१२ मध्ये युरोपातले वापरकर्ते सांगू लागले की फक्त ड्रॉपबॉक्सला दिलेल्या पत्त्यावर जुगाराच्या साइटचे मेल येत आहेत. महिनाअखेरीस कंपनीने मान्य केलं की एका कर्मचाऱ्याचा चोरीला गेलेला पासवर्ड वापरून कोणीतरी त्याच्या खात्यात शिरलं होतं, आणि तिथल्या एका फाइलमध्ये ग्राहकांचे ई-मेल पत्ते होते. त्या चोरीचा खरा आवाका समजायला २०१६ चा ऑगस्ट उजाडला. तेव्हा ६ कोटी ८० लाखांहून जास्त खात्यांचे पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर असल्याचं दिसलं. या दोन्ही प्रकरणांत एकट्यादुकट्याच्या तक्रारीला किंमत नव्हती. एकमेकांना न ओळखणारे अनेक जण एकच गोष्ट सांगू लागले, तेव्हा कंपन्यांना तपास करावा लागला. तुमच्याकडे असा पत्ता सापडला, तर त्याच कंपनीच्या इतर ग्राहकांकडे चौकशी करा, असं मी आग्रहाने सांगतो ते त्यामुळेच.

आता ‘तुमचा कॉम्प्युटर हॅक झाला असेल’ या उत्तराकडे वळू. त्याचं खंडन करायला तुमचे बाकीचे पत्ते उपयोगी पडतात. कॉम्प्युटर किंवा मेलखातं फुटलं असतं, तर त्यात साठवलेल्या सगळ्याच पत्त्यांवर कचरा यायला हवा होता. तो एकाच पत्त्यावर आला आणि बाकीचे शांत राहिले, तर गळती तुमच्या घरातली नाही, असं म्हणायला चांगला आधार मिळतो. मी याच्याही एक पाऊल पुढे जातो. एक-दोन पत्ते असे ठेवतो जे कोणालाही दिलेले नसतात. ते माझ्याच मेलखात्यात असतात, माझ्याच फोनच्या कॉन्टॅक्टमध्ये असतात, रचनाही इतरांसारखीच असते. मी त्यांना साक्षीदार पत्ते म्हणतो. त्यांच्यावर कधी मेल आलाच, तर दोनच शक्यता उरतात: माझ्याकडूनच काहीतरी फुटलंय, किंवा कोणीतरी पत्ते अंदाजाने बनवतंय. ते कोरे राहिले, तर कंपनीची ती सबब टिकत नाही. याला काही खर्च नाही, म्हणून पहिल्याच दिवशी असा एक पत्ता करून ठेवा.

अंदाजाने पत्ते बनवण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथे फसतात. स्वतःचं डोमेन (पत्त्यातला ॲटनंतरचा भाग, स्वतःच्या नावावर घेतलेला) असलेले लोक हौसेने ‘विमाकंपनीचं नाव, मग ॲट, मग माझं डोमेन’ असा पत्ता देतात. दिसायला सुटसुटीत, पण कोणालाही सुचेल असा. स्पॅम पाठवणारे सापडलेल्या डोमेनवर ‘इन्फो’, ‘सेल्स’, ‘अकाउंट्स’ आणि प्रसिद्ध कंपन्यांची नावं लावून मेल मारत बसतात. मग कंपनी म्हणते, हा पत्ता कोणीही बनवू शकतं, आणि ते म्हणणं बरोबर असतं. म्हणून पत्त्यात चार-पाच अक्षरांचा अर्थहीन तुकडा घाला. उदाहरणार्थ, ‘विमा-के७क्यू२’. (वाचायला सोयीचं म्हणून देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमन अक्षरांतच करायचं.) इंग्रजीतली २६ लहान अक्षरं आणि १० अंक धरले, तर चार जागांसाठी १६ लाख ७९ हजार ६१६ जुळण्या होतात. त्यातली तुमची नेमकी जुळणी योगायोगाने कोणाला लागली, हे म्हणणं कोणी ऐकून घेणार नाही.

या तुकड्याचा दुकानातही फायदा होतो. काउंटरवर त्याच दुकानाचं नाव असलेला पत्ता सांगितला की कॅशियर चमकतो, ‘सर, तुम्ही आमच्याकडेच कामाला आहात का?’ असं विचारतो. कधी कधी तर तोतयेगिरीचा संशय येऊन तिकडून खातंच अडवलं जातं. आणि मेलचा पत्ता बघून कंपनीतल्या माणसाला कळता कामा नये की हा ग्राहक पाळत ठेवतोय. आयत्या वेळी असा पत्ता सुचत नाही, म्हणून मी काही पत्ते आधीच बनवून फोनमध्ये ठेवतो. साइट ऑफिसमध्ये फॉर्म पुढे आला की यादीतला पुढचा पत्ता लिहायचा आणि समोर तारीख, ठिकाण, कशासाठी दिला, ते नोंदवायचं.

ही नोंद म्हणजे या पद्धतीचा प्राण आहे. पासवर्ड मॅनेजर, साधी एक्सेल शीट किंवा वही, काहीही चालेल. पण पत्ता दिला त्याच दिवशी नोंद व्हायला हवी. तारीख का हवी? कारण चोरी आणि स्पॅम यांत वर्षांचं अंतर असू शकतं. लिंक्डइनची चोरी २०१२ मधली, पण त्यातली १६ कोटींहून जास्त खाती मे २०१६ मध्ये विकायला आलेली दिसली. यावर मी एक युक्ती वापरतो: ज्यांच्याशी संबंध लांबणार आहे त्यांना दिलेला पत्ता मध्येच बदलतो आणि जुनाही चालू ठेवतो. मग कचरा फक्त जुन्यावर आला, तर माहिती पत्ता बदलण्याआधी फुटली असण्याचीच शक्यता जास्त. दोन्हींवर आला, तर गळती बदलानंतरची आहे किंवा अजून चालू आहे. एका कचेरीत आम्ही याच रीतीने गळतीचा काळ एका वर्षाच्या आत आणून ठेवला. समोरच्या कंपनीने मग त्या वर्षात बदललेला मेल पाठवणारा ठेकेदार तपासला. आधी वर्षभर ‘आमच्याकडून नाही’ एवढंच ऐकू येत होतं.

आता साधनं. जीमेलचं अधिकचं चिन्ह, म्हणजे ‘नाव+विमा’, हे सुरुवातीला ठीक आहे. फुकट आहे, आत्ता या क्षणी चालतं, कुठे काही सेट करावं लागत नाही. सर्चमध्ये ‘deliveredto:’ हा शब्द आणि पत्ता टाकला की त्यावर आलेले सगळे मेल दिसतात. पण पुरावा म्हणून ते कच्चं आहे. अधिकच्या पुढचा मजकूर छाटला की तुमचा मूळ पत्ता मिळतो हे यादी विकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं आणि छाटायला एका ओळीचं काम पुरतं. म्हणजे निष्काळजी माणूस सापडतो, मुद्दाम विकणारा निसटतो, आणि तुमचा खरा पत्ताही त्याच्या हाती लागतो. शिवाय अनेक भारतीय साइट हे चिन्ह स्वीकारत नाहीत. काही स्वीकारतात, पण नंतर ‘अनसबस्क्राइब’ दाबलं की पत्ता सापडत नाही म्हणतात, कारण वेबच्या दुव्यात अधिकचं चिन्ह मोकळी जागा म्हणून वाचलं जातं. नावात मध्ये टिंबं घालून वेगळा पत्ता करण्याची युक्तीही अशीच लंगडी आहे. आठ अक्षरी नावात सात फटी, म्हणजे टिंबांच्या १२८ रचना होतात, आणि जीमेल त्या सगळ्या एकच मानतं. पण टिंबं काढून टाकणं आणखी सोपं आहे. कोणती रचना कोणाला दिली हे लक्षात ठेवणं त्याहून त्रासाचं.

दुसरा मार्ग मध्यस्थ सेवांचा: फायरफॉक्स रिले, डकडकगो, सिंपललॉगिन (ही २०२२ पासून प्रोटॉनकडे आहे), ॲपलची ‘हाइड माय ई-मेल’. प्रत्येक ठिकाणी नवा, अर्थहीन पत्ता मिळतो, मेल तुमच्या खऱ्या पत्त्यावर येतो, नको झाला की एका बटणाने बंद. ज्यांना डोमेन वगैरेच्या भानगडीत पडायचं नाही त्यांना मी हेच सुचवतो. एक फरक मात्र ध्यानात घ्या. ‘ॲपलने साइन इन करा’ यातून जो पत्ता बनतो, त्यावर त्या ॲपवाल्याने ॲपलकडे नोंदवलेल्या ठिकाणांहून आलेलेच मेल पुढे येतात. त्यामुळे पत्ता तिसऱ्याला दिला गेला तरी त्या तिसऱ्याचा मेल तुमच्यापर्यंत पोचत नाही. संरक्षण म्हणून उत्तम, पण माग काढायला निरुपयोगी. आणि ‘गुगलने साइन इन करा’ दाबलंत, तर तुमचा खरा जीमेल पत्ता थेट समोर जातो. मग वेगळ्या पत्त्याचा खटाटोप वाया.

तिसरा मार्ग स्वतःचं डोमेन, आणि माझी पसंती यालाच. वर्षाला साधारण हजाराच्या घरात खर्च येतो आणि हवे तितके पत्ते करता येतात. काही जण ‘कॅच-ऑल’ लावतात, म्हणजे डोमेनवर येणारा कोणताही पत्ता स्वीकारायचा. सोय आहे, पण अंदाजाने मारलेले मेलही सगळे आत येतात आणि वर सांगितलेला पुरावा गढूळ होतो. मी पत्ते यादीनिशी ठेवतो, यादीत नाही तो मेल सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. सर्व्हर स्वतःचा असेल, तर पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्ये अधिकच्या जागी उणे चिन्ह किंवा टिंब लावता येतं. मग कोणता तुकडा छाटायचा हे बाहेरच्याला कळत नाही.

डोमेनचे दोन धोके आहेत. पहिला, ते संपलं आणि दुसऱ्या कोणी घेतलं, तर तुमचे सगळे मेल, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट, त्याच्याकडे जातील. म्हणून नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा. डॉट कॉमसारखं डोमेन एका वेळी दहा वर्षांपर्यंत घेता येतं, तसं घ्या, आणि डोमेन विकणाऱ्याकडच्या खात्याला त्याच डोमेनचा पत्ता कधीही देऊ नका. दुसरा, सगळ्या पत्त्यांच्या शेवटी एकच डोमेन असल्यामुळे ते एकाच घरचे आहेत हे कोणालाही दिसतं. तुम्हाला ओळख लपवायची असेल, तर मध्यस्थ सेवा बरी. माग काढायचा असेल, तर डोमेन बरं. दोन्ही हवं असेल, तर दोन्ही वापरा, मी तसंच करतो.

भारतात राहणाऱ्यांनी एका ठिकाणी मात्र हात आखडता घ्यावा. म्युच्युअल फंडांचं एकत्रित स्टेटमेंट कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडून मागवताना फोलिओत (फंडातल्या खात्यात) नोंदवलेला ई-मेल लागतो. प्रत्येक फंडाला वेगळा पत्ता दिलात, तर त्या एका स्टेटमेंटमध्ये सगळे फोलिओ येणार नाहीत. पुढे वारसांना हिशोब लावायची वेळ आली तर त्यांची त्रेधा उडेल. म्हणून गुंतवणूक, आयकर, भविष्यनिर्वाह निधी, बँक, पासपोर्ट या सगळ्यांना मिळून एकच, स्थिर, इतर कुठेही न दिलेला पत्ता ठेवा आणि घरात आणखी एकाला तो माहीत असू द्या. तिथे माग काढण्याच्या फायद्यापेक्षा तुटलेल्या दुव्याचा तोटा मोठा आहे. कंपनी काढणाऱ्यांनी उलट करावं: कंपनी नोंदणीच्या वेळी दिलेला ई-मेल सरकारी मास्टर डेटात लोकांना दिसत आला आहे, आणि नोंदणी होताच सीए, जीएसटी, वेबसाइटवाल्यांचे मेल सुरू होतात. तिथे खास वेगळा पत्ता द्या. त्यावर कचरा आला, तर त्याचा दोष कोणावर ढकलू नका, तो पत्ता जाहीरच होता.

आता समजा, पत्ता फुटला. पहिल्यांदा तो मेल डिलीट करू नका, फॉरवर्डही नको, कारण फॉरवर्डमध्ये मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याच्या ओळी, गळून पडतात. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ उघडून पूर्ण फाइल उतरवून घ्या. वर दिसणारं ‘टू’ खोटं असू शकतं, खरा पत्ता ‘डिलिव्हर्ड-टू’ या ओळीत असतो. मग मजकूर बघा. तुम्ही त्या फॉर्मवर नाव जसं लिहिलंत, अगदी त्याच स्पेलिंगमध्ये मेलमध्ये असेल, तर अंदाजाची शक्यता संपली, पूर्ण नोंदच बाहेर गेली आहे. मी केवायसीची गरज नसते तिथे मधल्या नावाचं आद्याक्षर मुद्दाम बदलतो, ते यासाठी. फ्लॅटची चौकशी केल्यावर चार दिवसांत गृहकर्ज आणि इंटिरिअरचे मेल आले, तर ते बहुधा ‘सहयोगी’ किंवा सेल्सवाल्यांचं काम. जुगार, क्रिप्टो, बनावट इन्व्हॉइस आले, तर चोरीचा संशय जास्त. त्यानंतर ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या, एखादा पत्ता कोणत्या चोरीत फुटला ते सांगणाऱ्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या साइटवर अचूक तोच पत्ता टाकून बघा. डोमेन तुमचं असल्याचं तिथे सिद्ध केलंत, तर त्याच्या सगळ्या पत्त्यांचा शोध एकत्र घेता येतो. आणि स्वतःलाही एकदा विचारा: या पत्त्यावरून सोसायटीच्या किंवा पालकांच्या एखाद्या मोठ्या मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते उघडे ठेवून उत्तर गेलंय का? बऱ्याच वेळा गळती तिथे सापडते.

एवढं झालं की कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याने एका महिन्यात तक्रारीचं निवारण करायचं असतं. मात्र त्या नियमांतल्या ‘संवेदनशील’ माहितीच्या यादीत पासवर्ड, आर्थिक आणि आरोग्याची माहिती आहे, ई-मेल पत्ता नाही. त्यामुळे तेवढ्या आधारावर फार ताणता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने इथे मोठा फरक पडतो. त्याच्या कलम ११ नुसार, तुमच्या संमतीने माहिती घेणाऱ्या कंपनीला तुम्ही विचारू शकता की माझी माहिती कोणाकोणाला दिली, त्यांची नावं सांगा. त्यात माहितीवर प्रक्रिया करणारे ठेकेदारही आले. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, पण हे हक्क त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायचे आहेत. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना हा हक्क आधीच आहे. तिथल्या न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ च्या ऑस्ट्रियन पोस्ट प्रकरणात ठरवलं की माहिती कोणाला दिली त्यांची नेमकी नावं मागता येतात, ‘आमचे भागीदार’ असं मोघम उत्तर पुरत नाही.

पत्रात आरोप करू नका, प्रश्न विचारा. हा पत्ता अमुक तारखेला फक्त तुम्हाला दिला. अमुक तारखेला त्यावर हा मेल आला, फाइल सोबत आहे. माझे इतर पत्ते आणि कोणालाच न दिलेला एक पत्ता कोरे आहेत. या काळात तुमचे मेल कोणती सेवा पाठवत होती? माझी नोंद कोणाला दिली गेली? या काळात काही घटना घडली का, आणि घडली असल्यास सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणाऱ्या सरकारी संस्थेला) कळवली का? शेवटचा प्रश्न जरूर घाला, कारण एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. हा प्रश्न वाचला की पत्र कस्टमर केअरमधून उठून तांत्रिक विभागाच्या टेबलावर जातं, असा माझा अनुभव आहे. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर विमा कंपनीसाठी ‘बिमा भरोसा’ पोर्टल आहे, बँकेसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. आलेल्या मेलमधून पैशांची फसवणूक झालीच, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

एका मर्यादेबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ही पद्धत फक्त मेल पाठवणाऱ्यांना पकडते. कंपन्या ग्राहकांच्या ई-मेलचं सांकेतिक रूप करून ते जाहिरातींच्या मोठ्या व्यासपीठांवर चढवतात, तिथल्या खात्यांशी जुळवून तुम्हाला जाहिराती दाखवतात. यात तुमच्या पत्त्यावर एकही मेल येत नाही. पत्ता शांत आहे म्हणजे तो कोणाला दिला नाही, असं म्हणता येणार नाही. वेगळा पत्ता दिल्याने ही जुळणी बरीचशी मोडते, हा फायदा मात्र न दिसणारा असला तरी खरा आहे. पण आपल्याकडे या जुळणीचा खरा खुंटा मोबाइल नंबर आहे. तो एकच असतो, सगळीकडे ओटीपीसाठी द्यावा लागतो, त्याला अधिकचं चिन्ह लावता येत नाही. तुम्हाला येणाऱ्या फोनचा माग या पद्धतीने लागणार नाही. फार तर चौकशीच्या फॉर्मसाठी दुसरं सिम ठेवा आणि ओटीपीचा नंबर वेगळा राखा.

शेवटी तुम्ही विचारलंत की आधीच्या सगळ्या खात्यांचे पत्ते बदलावेत का. एकदम नको. एका रविवारी बसून चाळीस खात्यांचे पत्ते बदलायला गेलेल्या लोकांची निम्मी खाती मध्येच अडकलेली मी पाहिली आहेत, कारण काही साइट जुन्या पत्त्यावर ओटीपी पाठवतात, काही नव्यावर. आजपासून जो नवा फॉर्म भराल त्याला वेगळा पत्ता द्या. जुन्यांपैकी आधी दुकानं, चौकशीच्या साइट, क्लास असे कमी जोखमीचे बदला. त्यांना उत्तर देताना मेल त्याच वेगळ्या पत्त्यावरून जातोय ना, ते पाठवण्याआधी बघा, नाहीतर तुमचा मुख्य पत्ता पहिल्याच उत्तरात त्यांच्या हाती पडेल. जुना जीमेल पत्ता बंद करू नका. तो नातेवाइकांसाठी आणि मित्रांसाठी ठेवा, आणि त्यावर येणाऱ्या कंपन्यांच्या मेलचं एक वेगळं लेबल करा. वर्षभराने त्या लेबलात ज्यांचे मेल दिसतील, त्या खात्यांचे पत्ते तेव्हा बदला.